बिब्ब्याची खूण

सगुणाअक्का वांगं चिरायच्या, तेव्हा दोन्ही फोडी उजेडात धरून बघितल्याशिवाय पातेल्यात टाकत नसत. वांगं त्यांच्याच मळ्यातलं, रोप त्यांनीच लावलेलं, पाणी त्यांनीच पाजलेलं. तरी तपासणी चुकायची नाही. मी एकदा हसले, तर म्हणाल्या, "मास्तरीणबाई, वांग्याच्या पोटात काय हाय ते वांग्यालाबी ठावं नसतं."

माणसांचंही तसंच. वाटेत कुणी "अक्का, बरं हाय का?" म्हणून सहज विचारलं, की त्या डोक्यावरची बुट्टी सावरत थांबायच्या आणि उलट विचारायच्या, "का? काय ऐकलंसा?" बिचारा विचारणारा चार पावलं मागं सरायचा. शेळगावात त्यांची खुशाली विचारायचं धाडस फारसं कुणी करत नसे.

या स्वभावाला कारण होतं. कालव्याचं पाणी शेळगावच्या शिवारात आलं, अक्कांच्या मालकांनी भाजीपाला लावला आणि चार वर्षं सुखाची गेली न गेली तोच ते तापानं गेले. तेराव्याचं जेवण उरकतंय तोवर सख्ख्या दिरानं अक्कांच्या पाळीचं पाणी मधेच फोडून आपल्या उसाला घेतलं. कोबीचा अख्खा वाफा डोळ्यांदेखत वाळला. त्या दिवसापासून अक्कांनी विश्वास हा शब्द दाराबाहेर ठेवला तो ठेवलाच. एकटीनं मळा केला आणि एकुलत्या एका लेकीचं, तानीचं, कळंबच्या चांगल्या घरात लग्न लावून दिलं. देताना जावयाचं गाव तीनदा जाऊन तपासून आल्या.

आम्ही त्यांच्या पुढच्या खोलीत भाड्यानं राहत होतो. माझे यजमान शाळेत मास्तर. खोली देताना अक्कांनी एकच अट घातली होती. घर माळकऱ्याचं, अक्कांच्या गळ्यात तुळशीची माळ. घरात मांसमच्छी नको, अंडं तर नावालाही नको. माझे वडील पलटणीत जमादार होते, माहेरी अंडी सर्रास व्हायची. पण मी मान डोलावली. अक्का माझ्याकडे बघत राहिल्या. "तुमी खानारी मानसं दिसताय."

"कशावरून?"

"भांडी लई घासताय."

त्यानंतर वर्षभर त्या रोज काहीतरी निमित्त काढून माझ्या चुलीपाशी यायच्या आणि नाक वर करून वास घ्यायच्या. मला राग यायचा आणि हसूही यायचं. ज्या घरात मी अंड्याचं नाव काढलं नाही, त्याच घरात अंडं शिजवायला मला अक्कांनीच बोलवावं, हा दैवाचा खेळ म्हणायचा.

तानी पहिलटकरीण म्हणून माहेरी आली ती पाचव्या महिन्यातच. रीत सातव्याची. अक्कांना लगेच खटकलं. "दोन म्हयनं आदी का धाडली? खायाला जड झाली काय?" तानी गोरीपान, अबोल पोरगी. खोदखोदून विचारल्यावर एवढंच बोलली, की सासू तिला दिवेलागणीनंतर चुलीपाशी येऊ देत नाही, पाण्याला जाऊ देत नाही, "बस जा आत" म्हणते. अक्कांच्या डोळ्यांत एकदम पाणी तरळलं आणि लगेच तिथं ठिणगी आली. "म्हंजी माझ्या पोरीच्या हातचं नको झालंय त्या कृष्णाबाईला. सवत आनायचा इचार दिसतुया."

तानी इथंही दिवेलागणीला जागची हलत नसे. आळस म्हणावं तर दिवसभर खुरपायला बसायची. अक्कांनी दोन दिवस नुसतं बघितलं. तिसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला त्यांनी भरलेली कळशी ओसरी आणि तुळस यांच्या मधोमध वाटेत आणून ठेवली, स्वतः तिच्याशेजारी भिंतीला टेकून उभ्या राहिल्या आणि हाक मारली, "ताने, जरा हिकडं ये." मी दारात तांदूळ निवडत होते. एवढी मोठी पितळेची कळशी मला इतक्या लांबून दिसत होती. तानी सरळ चालत आली आणि तिचा पाय कळशीवर आदळला. ती पडायच्या आत अक्कांनी तिला दंडाला धरून छातीशी ओढली होती. पाणी अंगणभर झालं.

"किती दिस झालं?" अक्कांनी विचारलं.

"तिसऱ्यापास्नं," तानी म्हणाली. "सांज झाली का समदं धुरकट हुतंय. आय, कुनाला सांगू नगंस. आंधळी म्हनून टाकून देतील मला."

अक्का कुणाला सांगणार! त्या तिला गाडीत घालून बारामतीला डॉक्टरकडे घेऊन गेल्या आणि सोबत मला नेलं, कारण डॉक्टर इंग्रजीत काही बोलला तर त्यांना संशय आला असता. डॉक्टरांनी पापण्या उलटवून पाहिल्या. रातांधळेपणा आहे, म्हणाले. पोटातलं मूल आईच्या अंगातलं सत्त्व ओढून घेतंय. आताच खाणं सुधारलं तर डोळे परत येतील, हयगय केली तर कायमचे जातील. पालेभाजी, गाजर आणि रोज अंडं.

अक्कांनी माळेला हात लावला. डॉक्टर हसले नाहीत, हे त्यांचं चांगुलपण. म्हणाले, "बाई, कोंबडा जवळ न येऊ देता ठेवलेली कोंबडीही अंडं देते. त्यात जीव नसतो. दुधासारखंच धरा."

परतताना गाडीत अक्का बारामती मागं पडल्यावर म्हणाल्या, "त्याच्या दारात कोंबड्या हिंडत व्हत्या, बघितल्यासा? इकायच्या आसतील."

तरी पुढच्या बाजारी त्यांनी इंदापुराहून अंड्यावर आलेल्या दोन कोवळ्या कोंबड्या, तलंगा, आणल्या, एक काळी आणि एक तांबडी. परसातल्या कांद्याच्या छपरात कूड घालून त्यांना कोंडलं. अशी सोवळ्यातली कोंबडी मी आयुष्यात पुन्हा पाहिली नाही. पहिली काही अंडी अक्कांनी खड्डा करून पुरली, कारण तलंगांनी बाजारात काय उद्योग केले असतील त्याचा भरवसा नव्हता. शेजारच्या तात्यांचा कोंबडा कुंपणावर चढला की अक्का खुरपं घेऊन धावायच्या.

"अक्का, माझा कोंबडा तुमच्या कोंबड्या पळवून न्हेतुया व्हय?" तात्या विचारायचे.

"तुमच्या घरातल्या कुनाचाच भरोसा न्हाय," अक्का म्हणायच्या. तात्या मोठ्यानं हसायचे, आणि त्या हसण्याचाही अक्कांना संशय यायचा.

आता प्रश्न शिजवायचं कुणी हा. अक्का माझ्या दारात येऊन उभ्या राहिल्या आणि वर्षभरात पहिल्यांदा वास न घेता बोलल्या. "मास्तरीणबाई, तुमी खानारी हाय हे मला पयल्या दिसापास्नं ठावं हाय. आता कामाला या."

अक्कांचा तवा बाटवायचा नव्हता म्हणून त्यांनी कुंभाराकडून मातीचं खापर आणलं. ते माझ्या चुलीवर ठेवायचं. तानीला अंड्याचा नुसता वास आला तरी उमळून यायचं, म्हणून मी माहेरची रीत काढली. अंडं हळद-मीठ घालून भरपूर फेटायचं, अर्धा कांदा तेलात बुडवून खापरावर फिरवायचा, त्यावर अंड्याची पातळ पोळी पसरायची आणि आत भाजी भरून गुंडाळायची. पण भाजी कोणती, यावर अक्कांनी माझा अंत पाहिला. अंडं गरम, गर्भारशीला गरम चालत नाही. तेव्हा त्याच्या पोटात थंड भाजी घातली तरच ते निवेल, हा त्यांचा हिशेब. कोबी चालेल, पालक चालेल, कोथिंबीर हवीच. मेथी आणि लसूण बाहेर. गाजरापाशी गाडी अडली.

"लाल हाय. लाल म्हंजी गरम."

"डॉक्टरांनी नाव घेऊन सांगितलंय, अक्का."

"त्यानं कोंबडीचंबी नाव घ्येतलं हुतं," असं म्हणून त्यांनी गाजराचा तुकडा आधी स्वतः खाल्ला, घटकाभर पोटावर हात ठेवून बसल्या आणि मग परवानगी दिली.

कोबी, गाजर, पालक बारीक चिरून नुसता वाफेचा हात द्यायचा, करकरीत राहिला पाहिजे. शेवग्याचा कोवळा पाला मी हळूच घालायची आणि अक्का तो हळूच वेचून बघायच्या. पोळीच्या कडा सुटल्या की भाजी मधे पसरून दोन्ही बाजू आत दुमडायच्या आणि गुंडाळी घट्ट वळायची. अंथरुणाच्या वळकटीसारखी ती दिसायची, म्हणून अक्कांनी तिचं नाव वळकटी ठेवलं. अंडं हा शब्द त्यांच्या जिभेवर कधी आला नाही. "पोरीची वळकटी झाली का?" असं त्या अंगणातून खुशाल ओरडून विचारायच्या, आणि तात्या विचारात पडायचे की ही माणसं चालली तरी कुठं.

प्रत्येक अंडं आधी पाण्यात सोडून बुडतं का बघायचं, मग कौलातून येणाऱ्या कवडशात धरून आत लाल शीर दिसते का बघायचं. छपरात जाताना अक्का माळ काढून तुळशीवर ठेवायच्या आणि आंघोळ करून पुन्हा घालायच्या. वळकटी केळीच्या पानावर वाढायची, पान आणि टरफलं पुरायची. तानी खायची, आणि अक्का तिच्या गळ्याकडे बघत बसायच्या, प्रत्येक घास खाली उतरतोय की नाही म्हणून. त्या बघण्यात किती माया होती ते मला तेव्हा कळलं आणि मला त्यांचा राग येईनासा झाला.

महिनाभरात तानी म्हणायला लागली, "आय, आता दिसतंय थोडं."

"खरंच दिसतंय, का मला बरं वाटावं म्हनून म्हंतीस?"

त्याच सुमाराला काळी खुडूक झाली आणि उबवणीला म्हणून रिकाम्या डालग्यात फुगून बसली. दुसरं कुणी असतं तर तिला पाण्यात बुचकळून उठवलं असतं. अक्कांच्या मनानं वेगळंच घेतलं. त्यांनी चार अंडी निवडली, सुईनं बिब्बा टोचून प्रत्येकावर काळा ठिपका दिला, धुतला तरी न जाणारा, आणि ती काळीखाली सारली. "आता कळंल डॉक्टर खरा का खोटा. जीव नसंल तर नासतील, आसंल तर पिलं निघतील."

"आणि निघाली तर?"

"तर आजपत्तुर मी माझ्या पोरीच्या तोंडात जीव घातला म्हनायचं. वळकटी बंद."

"आणि तिचे डोळे?"

अक्का बिब्ब्याची सुई पुसत राहिल्या.

दुसऱ्याच दिवशी कळंबहून विहीणबाई आल्या, सुनेला बघायला. कृष्णाबाई ठेंगणी, कमी बोलणारी बाई. त्यांच्याही गळ्यात माळ. सोबत बाजरीची दुरडी. अक्कांनी विहिणीचा पाहुणचार केला, पण नजर क्षणभर ढळू दिली नाही. त्या कुठं बसतात, काय बघतात, तानीशी काय कुजबुजतात, सगळं टिपलं. सांज व्हायच्या आत तानीला "दुखतंय" म्हणून निजवलं. विहीणबाई परसाकडे गेल्या, तेव्हा मागोमाग जायचं तेवढं अक्कांनी टाळलं. तेवढी रीत त्यांनाही होती. पाहुणी गेल्यावर बाजरीत तळापर्यंत हात घालून चाचपलं. बाजरीच होती.

पुढं दिवस भरले आणि एका सकाळी छपरातून चिवचिव ऐकू आली. मी धावत गेले, तर अक्का कुडापाशी उभ्या. काळीच्या पंखाखालून एक ओलं पिल्लू डोकावत होतं. अक्कांचा चेहरा मला बघवेना. त्या माझ्या खोलीत आल्या, खापर उचललं आणि उंबऱ्याबाहेर आपटून फोडलं. तुळशीवरची माळ तशीच राहिली, त्यांनी ती गळ्यात घातली नाही. तानी रडली, "आय, मला उजेड यायला लागला हुता." अक्का तिच्याकडे न बघता खुरपं घेऊन मळ्यात निघून गेल्या. पोरीचे डोळे एका पारड्यात आणि धर्म दुसऱ्यात, असं त्यांच्यावर येऊन पडलं होतं. त्या आठवड्यात तानी सांजेला पुन्हा भिंत धरून चालू लागली.

आठवड्यानं डालगं साफ करायला घेतलं आणि अक्का पदरात काहीतरी घेऊन माझ्याकडे आल्या. त्यांनी एकेक वस्तू खाली मांडली. ठिपक्याची चारही अंडी जशीच्या तशी होती. कानाशी हलवली तर आत पाणी खळखळत होतं. सोबत बिनठिपक्याची दोन, तीही नासलेली. आणि फुटक्या टरफलाचे तुकडे. अक्कांनी ते सगळे जुळवून दाखवले. कुठंही बिब्बा नव्हता.

"ह्ये आपलं न्हवं," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "डॉक्टर खरा हाय. कुनीतरी आनून घातलंय." मग माझ्याकडे रोखून बघितलं. "तुमी तर न्हाय?"

मी इतकी दुखावले, की पाठ फिरवून चूल फुंकायला लागले. तेच बघून बहुधा त्यांनी मला सोडलं. मग तात्यांची पाळी आली. तात्या हसले नाहीत त्या दिवशी. चार दिवस त्यांनी आमच्या अंगणाकडे तोंडसुद्धा केलं नाही. मग अक्का ओसरीवर बसून राहिल्या आणि एकदम मांडीवर थाप मारून म्हणाल्या, "दुरडी! बाजरीत हुतं! परसाकडं म्हनून गेली ती छपरात गेली. माझं घर बाटवायचं, आनि मंग म्हनायचं, बाटलेल्या घरची पोरगी आमाला नको."

निरोप धाडला, विहीणबाई आल्या. साक्षीला मी हवी म्हणून अक्कांनी मला ओसरीवर बसवलं. तबकात पानसुपारीऐवजी टरफलाचे तुकडे ठेवून त्यांनी तबक विहिणीपुढं सरकवलं. "वळखा."

कृष्णाबाईंनी वाकून बघितलं. "पिल्लू निघालं व्हय?" मग त्यांचा चेहरा उतरला. "म्हंजी पोरीला दिलीच न्हाईत तुमी?"

"काय दिली न्हाईत?"

"अंडी वो. मळ्यावरल्या गड्याच्या बायकूकडनं आनली, बाजरीत घालून. हातात द्यायची कशी? तुमच्या गळ्यात माळ, माझ्या गळ्यात माळ. परसात कोंबडी आरडली, म्हनलं हितंच सारावी. कोंबडीनं दिली म्हनून पोरीच्या पोटात जातील."

अक्कांचे डोळे बारीक झाले. "तुमाला कुनी सांगितलं पोरीला अंडी लागत्यात म्हनून?"

"कुनी सांगाय कशाला हवं? माझ्या घरात ती सांजंला निखारा भांडं समजून उचलाय गेली. माझ्या सासूला ह्येच हुतं. कुनी वळखलं न्हाय, एक दिस पान्याला गेली ती आडात पडली. म्हनून मी हिला सांजंची हलू देत नव्हते. म्हनून दोन म्हयनं आदी धाडली. आईपाशी खाईल, बरी हुईल. म्हनलं, बोलले तर पोरीच्या कपाळाला आंधळी म्हनून शिक्का बसंल."

आतून तानीचा हुंदका ऐकू आला. ती उंबऱ्यापर्यंत आली आणि सासूच्या पायाशी बसली. अक्का मात्र टरफलाचा एक तुकडा बोटांत फिरवत होत्या. त्यांच्या आयुष्यात असं कधी झालं नव्हतं. सगळे पुरावे हातात होते आणि गुन्हेगार मिळत नव्हता. शेवटी उठल्या, तुळशीपाशी गेल्या, माळ उचलून कपाळाला लावली आणि गळ्यात घातली. म्हणाल्या, "मास्तरीणबाई, कोबी चिराय घ्या. मी कुंभाराकडं जाऊन येते."

त्या दिवशी दोघी विहिणी माझ्या चुलीवर डोकं घालून बसल्या होत्या. ठिपक्यांचा निकाल लागला होता, आता तांबडीच्या अंड्याला कवडशात धरायची गरज नव्हती. तरी अक्कांनी धरलं. कृष्णाबाई म्हणाल्या, मीठ जास्त पडलं. अक्का म्हणाल्या, मला पयल्यापास्नं मास्तरीणबाईंच्या हाताचा संशय हाय. दोघींचं कधी नव्हे ते एकमत झालं होतं, आणि तानी सासूच्या हातून वळकटी खात होती. मला ते मीठ झोंबलं नाही.

त्या पिल्लाचा पुढं कोंबडा निघाला. आता याला करायचं काय? तलंगांच्या जवळ ठेवता येईना, तात्यांना द्यावा तर ते रस्सा करतील. तेव्हा अक्कांनी त्याला पायाला सुतळी बांधून माझ्या दारात ठेवला. रोज पहाटे तो माझ्या उशाशी आरवायचा आणि अक्का आतून विचारायच्या, "सुटला तर न्हाय?"

आमची बदली झाली तेव्हा तानीचा मुलगा दोन महिन्यांचा होता. उन्हाचा त्रास नको म्हणून आम्ही सांजेला निघायचं ठरवलं. सामान गाडीत चढलं. मी निरोप घ्यायला वळले तर अंगणात ओसरी आणि तुळस यांच्या मधोमध भरलेली कळशी ठेवलेली, आणि शेजारी भिंतीला टेकून अक्का. दिवा अजून लावला नव्हता. मी काही बोलणार तेवढ्यात त्यांनी मला नजरेनं गप्प केलं.

"ताने," त्यांनी हाक मारली, "मास्तरीणबाई निगाल्या बघ."

तानी मुलाला घेऊन आतून भराभर आली. अक्कांचा हात भिंतीपासून सुटून पुढं आला. कळशीपाशी येऊन तानी थांबली, मुलाला दुसऱ्या खांद्यावर घेतलं, वाकून कळशी उचलली आणि तुळशीच्या कट्ट्यावर ठेवली.

"आय, भरली कळशी वाटंत कुनी ठिवली गं?"

"कुनी ठिवली आसंल?" अक्का म्हणाल्या. "तात्याच आसंल."

तानी हसत माझ्या गाडीपाशी आली. बैल हलले. मी मागं वळून बघितलं, तर अक्का तिथंच उभ्या होत्या, आणि पडणाऱ्या लेकीला धरायला पुढं केलेला हात त्यांनी अजून मागं घेतला नव्हता.